आत्याने ऐकलेला ब्लूज

माझी आत्या कापडाच्या गिरणीत साचे चालवायची. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. असे शेकडो साचे जिथे एका छपराखाली धडधडत असत, त्या साचेखात्यात ती ऐन तारुण्यात शिरली आणि गिरणीला कुलूप लागलं तेव्हाच बाहेर पडली. मधल्या काळात तिने लग्न केलं, एक मुलगी वाढवली, मला माझ्या कॉलेजच्या दिवसांत घरात ठेवून घेतलं आणि दोन्ही कान घालवले. यातल्या कशाचाही तिने कधी बाऊ केला नाही. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच घडलं असं तिचं मत होतं, ते म्हणजे तरुणपणी तिने ब्लूजचा कार्यक्रम समोर बसून ऐकला होता.

हे ती कोणालाही सांगायची. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगायची, दूधवाल्याला सांगायची, बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईला सांगायची. "मी ब्लूज ऐकलाय. रेडिओवर नाही, समोर. पाचवी रांग." समोरच्याला ब्लूज म्हणजे काय हे ठाऊक नसलं तर ते एका वाक्यात समजावून द्यायची: "दुःखाचं गाणं असतं, पण रडायचं नाही, पाय हलवायचा." आता बहिऱ्या बाईने गाण्याबद्दल असं बोललेलं ऐकून लोक एकमेकांकडे बघायचे. ते तिला बरोबर दिसायचं आणि त्याचीही तिला मजा वाटायची.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा ती जागा मला बरी वाटली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यात रबराचा आणि तेलाचा वास, स्वयंपाकघरात मेणकापड घातलेलं टेबल. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, त्याच गिरणीच्या कचेरीत हजेरी-कारकून होते. शर्टाची कॉलर स्वच्छ, बोलणं मोजकं. आत्याशी काही बोलायचं असलं की हातातलं काम ठेवून ते तिच्यासमोर येऊन उभे राहायचे आणि मगच तोंड उघडायचे. त्यांची मुलगी, माझी ताई, तेव्हा दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून नुकतीच लागली होती.

त्या घरात भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान काय बिनसलंय ते कळलं असतं. आत्या आतोबांचं सगळं वेळच्या वेळी करायची, पण एखाद्या खानावळीच्या मालकिणीने जुन्या गिऱ्हाइकाचं करावं तसं. आणि ताईबद्दल त्यांच्याशी बोलताना ती कायम "तुमची मुलगी" म्हणायची. "तुमच्या मुलीला उशीर होणार आहे." "तुमच्या मुलीचा चष्मा मोडलाय." ताई समोर बसलेली असली तरी. आतोबा मान डोलवायचे, ताई हसायची, आणि मी माझ्या ताटात बघायचो. ताई आत्याची सख्खी मुलगी नाही, आतोबांच्या पहिल्या बायकोची आहे, हे मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांनंतरही हे रोज जेवणाच्या टेबलावर वाढायची काय गरज होती, ते कळत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी आणि आत्या मटार सोलत बसलो होतो. ताई आणि आतोबा बाहेर गेले होते. आत्याला नवीन ऐकायचं यंत्र मिळालं होतं आणि ते शिट्टी मारत होतं, म्हणून तिने ते काढून मटारांच्या सालींशेजारी ठेवलं होतं. तिने पुन्हा ब्लूजचा विषय काढला आणि मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "आत्या, तेव्हा कान चांगले होते ना तुझे?"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली शेंग खाली ठेवली.

"कुठले चांगले," ती म्हणाली. "तेव्हाच गेले होते."

मग तिने मला जे सांगितलं ते असं.

साचेखात्यात आवाज इतका की शेजारच्या बाईच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून तिथे सगळे आवाजाशिवाय बोलत. ओठ ताणून, तोंड मोठं उघडून, भुवया उचलून. चार साच्यांपलीकडची बाई नवऱ्याच्या तक्रारी सांगे आणि इकडची हसे, दोघींच्या घशातून आवाज न काढता. या बोलण्याचा एक रिवाज होता. कोणी तुमच्याकडे बघून बोलू लागलं की तुम्ही आधी मान हलवायची. समजलं असो वा नसो. नाही हलवली तर समोरचीला वाटणार, तुमचं लक्ष नाही, आणि ती साचा सोडून येणार. तेवढ्यात तिकडे धागा तुटणार आणि मुकादम येऊन दोघींना झापणार. मान हलवायची, मग सवडीने तिच्या ओठांवरून समजून घ्यायचं. "काय?" असं तिथे कोणी विचारत नसे. विचारून ऐकू कोणाला जाणार होतं?

तिथे काही वर्षं काढल्यावर आत्याला कमी ऐकू येऊ लागलं. आधी बायकांचे आणि पोरांचे आवाज गेले, मग साधं बोलणं. ढोलासारखं जाडं, खालचं तेवढं ऐकू येत राहिलं. पण खात्यात सगळ्यांचं तेच होतं, आणि बाहेर ती समोरच्याच्या ओठांवर भागवून न्यायची. लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलीने कानांची दवंडी पिटायची नसते, एवढं तिला कळत होतं.

आतोबा हजेरी घ्यायला खात्यात यायचे. कचेरीतल्या माणसांना ओठांची बोली यायची नाही. ते कानाशी तोंड आणून ओरडायचे. आतोबा ओरडायचेसुद्धा नाहीत. कागद पुढे धरायचे आणि बोटाने दाखवायचे. आत्याला हे आवडलं. मग ते हजेरी झाल्यावरही तिच्या साच्याशी घुटमळू लागले. खात्यातल्या बायका आवाजाशिवाय काय काय बोलायच्या ते त्यांना समजत नव्हतं हे बरंच होतं, कारण त्यांच्या पाठीमागे अख्ख्या रांगेने त्यांची गंमत चालवली होती.

पुढे गावात ब्लूज वाजवणारी मंडळी आली आणि आतोबांनी कचेरीतून दोन पास मिळवले. माझ्या आजीने परवानगी दिली, कारण सभागृहात अर्धी गिरणी असणार होती.

"सिनेमाचंच सभागृह ते," आत्या म्हणाली. "पडदा गुंडाळून वर नेला होता. मध्ये एक जाडजूड म्हातारा खुर्चीवर बसला, टोपी घालून, मांडीवर गिटार. मागे एक ढोलवाला. एक माणूस छोटा बाजा तोंडाला लावून वाजवणारा, आणि एक उंच माणूस, त्याच्याहून उंच वाद्य घेऊन उभा. त्या उंच वाद्याचा आवाज आला ना, तो मला पायातून आला. जमिनीतून. खुर्चीच्या हातावर हात ठेवला तर त्यातूनही येत होता. मला वाटलं, अरे, हे तर ऐकू येतंय. इतक्या दिवसांनी मला कुणी न ओरडता काही ऐकू आलं."

"आणि गाण्याचे शब्द?"

"शब्द कुठले. तोंडासमोर माइक. एक ओठ दिसेल तर शपथ. हे मला मधूनमधून खुणेने सांगत होते, की तो एक ओळ दोनदा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतो. दोन बोटं, मग एक बोट. मला तेवढं पुरलं. पाय हलवत होते मी. शेजारच्या माणसाने बघितलं तरी थांबवला नाही."

असं ती सांगत असताना तिचा पाय टेबलाखाली खरंच हलत होता. ते बघून मला ती एकदम तरुण वाटली, आणि थोडं चुकल्यासारखं झालं, कारण मी आजवर तिच्या या गोष्टीला थाप समजत होतो.

मग एका संथ गाण्यात दिवे आणखी मंद झाले. आतोबा तिच्याकडे वाकले आणि तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलले. एक-दोन शब्द नव्हेत, बरंच काही. त्यांचा श्वास तिला कळत होता, शब्द एकही कळत नव्हता. ओठ दिसत नव्हते. तिने सवयीप्रमाणे मान हलवली. ते थांबले, पुन्हा काही बोलले, तिने पुन्हा हलवली. मग ओठ बघायला ती वळली तर त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं होतं. "काय म्हणालात?" असं ती म्हणालीसुद्धा, पण एवढ्या आवाजात बोलायचं म्हणजे खात्यातल्यासारखंच बोलायचं ही सवय, ओठ हलले, आवाज काढलाच नाही तिने. आणि ते बघतच नव्हते.

"मग काय म्हणाले होते ते?" मी विचारलं.

"लग्नाचंच असणार. दुसरं काय? पुढच्याच आठवड्यात त्यांची बहीण आमच्याकडे आली. म्हणाली, तुम्हा दोघांचं सगळं बोलणं झालंय म्हणे. मी म्हटलं, झालंय."

दोन्हीकडून चौकशी अशी झालीच नाही. आपण त्यांच्याबद्दल विचारलं तर ते आपल्या मुलीबद्दल विचारतील, म्हणून माझी आजी गप्प बसली. आतोबांच्या बहिणीला तर सगळं सांगून झालंय असंच वाटत होतं. नोंदणी कचेरीत सह्या करून लग्न झालं. त्यानंतर महिना झाला असेल नसेल, एका सकाळी ती बहीण जिना चढून आली, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हाताला चार वर्षांची मुलगी. मुलीच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. आतोबांनी मुलीला उचललं आणि आत्याकडे बघून, जणू काही हे ठरलेलंच होतं अशा चेहऱ्याने म्हणाले, "आली बघ."

"मला तिथल्या तिथे जिन्यावरून खाली जावंसं वाटलं," आत्या म्हणाली. "बिजवर आहे हे सांगितलं नाही. मुलगी आहे हे सांगितलं नाही. आणि वर हसतायत. ती पोरगी माझ्याकडे बघून लगेच आई म्हणाली. लगेच. मी तिची नाडी बांधली, कारण ती पडली असती."

दुसऱ्या दिवशी ती तडक माहेरी गेली. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू तुझ्या कानांचं सांगितलं होतंस का त्याला?" आत्या निमूट परत आली. तोंडातून ब्र काढायची सोय उरली नव्हती. पुढे तिचे कान सगळ्यांच्या लक्षात येण्याइतके गेले, तेव्हा आतोबांना वाटलं, साच्यांनी आत्ता आत्ता नेले. तिने तसंच वाटू दिलं.

"मुलीचं मी सगळं केलं," ती मला म्हणाली. "उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. पण मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं, ते सोड. विचारायला तर हवं होतं. माणूस हातरुमाल घ्यायचा तरी विचारतो."

मी तेव्हा तरुण होतो आणि तरुण माणसांना सगळं सोपं वाटतं. मी म्हटलं, "मग आता विचार त्यांना, तेव्हा का नाही सांगितलं म्हणून. आता तुझ्या कानांचं कळलं तर काय बिघडणार आहे?"

"शहाणाच आहेस," आत्या म्हणाली. "मी त्यांना फसवलं हे कळलं, म्हणजे त्यांनी मला फसवलं ते फिटलं. मला ते फिटायला नकोय."

तिने सोललेले मटार धुवायला घेतले. मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटलीही नाही. अशा अढ्या बहुतेक घरांत असतात, आणि माणसं त्यांच्यासकट नीट जगतात.

पुढची वर्षं इतर घरांसारखीच गेली. माझं शिक्षण संपलं, मी दुसरीकडे राहायला गेलो. गिरणी बंद पडली. आतोबा निवृत्त होऊन खिडकीत बसू लागले. ताईने लग्न केलं, पण आठवड्यातून दोनदा ती यायचीच, आणि आल्याआल्या आत्याचा कान धरून ऐकायचं यंत्र नीट बसवायची. आत्या तिच्यावर ओरडायची, ताई हसायची. आत्याच्या ओरडण्याचं ताईला कधीच काही वाटत नसे. मला याचं नवल वाटायचं, कारण मी तिथे होतो तेव्हा आत्या माझ्यावर ओरडली की मी दिवसभर तोंड पाडून बसायचो.

मग आतोबा गेले. थोडं आजारपण आलं, फार ताणलं नाही. आत्याने शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं, औषधं वेळेवर दिली, आणि डॉक्टरांशी बोलताना "ह्यांची मुलगी येईल, तिला सांगा" असंच म्हणाली. ती रडल्याचं मी पाहिलं नाही.

काही दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा ताई आतोबांचं कपाट आवरत होती. द्यायचे शर्ट एका बाजूला, ठेवायचे दुसऱ्या. आत्या पलंगावर बसून घड्या घालत होती. ताईने एक करड्या रंगाचा जुना कोट बाहेर काढला आणि आत्यासमोर धरला. तीही समोर येऊन बोलायची, बापासारखीच.

"हाच घालून गेले होते ना गं ते ब्लूजला?"

आत्याने बघितलं. "हाच."

"बाबा सांगायचे मला ती गोष्ट," ताई म्हणाली. तिने कोट मांडीवर घेतला आणि ती पलंगाच्या कडेला बसली. "लहानपणी तू ओरडलीस की मी रुसून जिन्यात बसायचे. मग ते यायचे आणि तीच गोष्ट सांगायचे. म्हणायचे, तो म्हातारा गात होता, दिवे कमी झाले, आणि मला तोंडावर बोलायचा धीर नव्हता, म्हणून अंधारात तिच्या कानात सांगितलं. माझी बायको वारली, मला एक लहान मुलगी आहे, लग्न झालं तर ती आपल्याजवळ राहील. तिने मान हलवली. मला वाटलं, नीट कळलं नसेल, म्हणून पुन्हा विचारलं, चालेल ना? तर पुन्हा हलवली. विचार करायला क्षणसुद्धा घेतला नाही बाईने. मला रडू आलं, म्हणून तोंड फिरवलं."

मी आत्याकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही.

"काय?" आत्या म्हणाली.

ताईने पुन्हा सांगितलं, आणखी हळू, ओठ नीट उघडून. सांगता सांगता तिलाच हसू येत होतं. "तू कितीही ओरडलीस ना, मला काही वाटायचं नाही. म्हणायचे, ओरडू दे, मान तर हलवलीय. आणि तू 'तुमची मुलगी' म्हणायचीस ना, त्याचंही त्यांना कौतुक. म्हणायचे, तुझ्या आईची जागा घेतली असं वाटू नये म्हणून बोलते ती तसं. मन बघ किती मोठं आहे."

आत्याच्या हातात शर्टाची एक बाही होती. ती तिने सरळ केली, मग पुन्हा दुमडली, मग पुन्हा सरळ केली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं.

"खरंच काय वाटलं होतं गं तुला तेव्हा?" ताईने विचारलं. "एवढ्या पटकन हो म्हणालीस ते?"

आता ही सांगणार, असं मला वाटलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिने जे लपवलं ते गप्प राहून लपवलं होतं, आणि इथे तर विचारणारी समोर बसली होती. ताई एका वाक्याने मोडली असती. एका लहान मुलीने अख्खं बालपण त्या हललेल्या मानेच्या भरवशावर काढलं होतं, आणि ती मान नुसती सवयीने हलली होती.

"त्यात वाटायचंय काय," आत्या म्हणाली. "पोरीला कुठेतरी राहायला नको का?"

ताई मोठ्याने हसली. तिला असंच काहीतरी उत्तर हवं होतं. तिने कोट पलंगावर ठेवला, द्यायच्या शर्टांचा गठ्ठा उचलला आणि तो बांधायला सुतळी शोधत ती स्वयंपाकघरात गेली.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मघाच्या त्या उत्तराबद्दल मी काही बोलू नये असं तिला सांगायचं असेल. पण तिला ताईची आठवणसुद्धा नव्हती त्या वेळी.

"विचारलं होतं रे त्यांनी," ती म्हणाली.

आपला आवाज किती मोठा आहे याचा तिला कधीच अंदाज नसे. स्वयंपाकघरात खण उघडल्याचा आवाज थांबला आणि ताई दारात आली.

"कोणी काय विचारलं?"

"ह्यांनी," आत्या म्हणाली. "तुझ्याबद्दल. मला विचारलं होतं."

"अगं, मग मी काय सांगत होते आत्ता?" ताई म्हणाली, पण तेवढ्यात तिचं आत्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती सुतळी टाकून पलंगापाशी आली. आत्या त्या कोटात तोंड घालून रडत होती. ताईने तिला धरलं आणि माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "बरं झालं. इतके दिवस रडली नव्हती."